शुक्रवारची सायकल

मंगाफमधल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहत होतं. वडील रिफायनरीत शटडाउनच्या नियोजनात, आई भारतीय शाळेत शिक्षिका, एक मुलगा, एक मुलगी, आणि इस्लामपूरहून व्हिजिट व्हिसावर आलेले आजोबा. नोव्हेंबरात ऊन उतरलं तसं घरात ठरलं, की थंडीभर दर शुक्रवारी फहाहीलच्या किनाऱ्यावर सायकल चालवायची. आई-वडील आणि दोन्ही मुलं, प्रत्येकी शंभर किलोमीटर. ओळखीच्या लोकांनी किलोमीटरमागे जमेल ते बैत अब्दुल्लाला द्यायचं. कुवेतमध्ये कुणालाही उठून रोख वर्गणी गोळा करता येत नाही. म्हणून वडिलांनी सगळ्यांना बजावलं, "आमच्या हातात फिल्ससुद्धा देऊ नका, थेट संस्थेकडे भरा."

बैत अब्दुल्ला हे कुवेतमधलं मुलांचं हॉस्पिस. इस्पितळात दिवस काढणाऱ्या मुलांसाठी डॉ. हिलाल अल-सायर आणि मार्गारेट अल-सायर यांनी १९८९ साली एक संस्था काढली, तिच्याच कामातून पुढे ते उभं राहिलं. तिथे पैसे घेत नाहीत. आईला हॉस्पिस म्हटलं की वांद्र्याचं शांती आवेदना सदन आठवायचं. १९८६ पासून कॅन्सरच्या रुग्णांना त्यांच्या अखेरच्या काळात सांभाळणारं. मुलांच्या हॉस्पिसचं काम मात्र पुष्कळदा निदान झाल्यापासून सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. १९८२ साली ऑक्सफर्डला जगातलं पहिलं असं घर, हेलन हाउस, निघालं ते याच गरजेतून. सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका एका आजारी मुलीला अधूनमधून आपल्याकडे ठेवून घेत, म्हणजे तिच्या आईवडिलांना चार दिवस उसंत मिळे. अशा घरात रुग्ण एक असला तरी जागरण सगळ्यांना असतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

हे सगळं वडिलांनी मुलांना समजावून सांगितलं आणि फ्रिजवर तक्ता लावला. शटडाउनच्या कामाला लावतात तसाच: तारीख, किलोमीटर, शिल्लक.

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मल्याळी कुटुंब होतं. त्यांचा सात वर्षांचा मुलगा स्नायूंच्या आजाराने अंथरुणाला खिळलेला. रात्री दर दोन-तीन तासांनी त्याची कूस बदलावी लागे, छातीत कफ साचला की मशीनने ओढून काढावा लागे. त्याचे वडील शिफ्टला गेले की आई एकटी. तिला इमारतीतले सगळे चेची म्हणत. थोरली मुलगी दहा वर्षांची. सक्शनची नळी सलाइनमध्ये बुडवून स्वच्छ कशी करायची, किती आत घालायची, भावाचे डोळे पाणावले की थांबायचं, हे सगळं तिला येत होतं. सायकल येत नव्हती. शिकवणार कोण?

एका शुक्रवारी पहाटे सायकली खाली उतरत होत्या तेव्हा ती जिन्यात उभी होती. "अंकल, मी येऊ?"

"तुला चालवता येते का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग आधी आमचं टार्गेट होऊ दे बेटा, नंतर नक्की शिकवू," वडील म्हणाले. त्यात वाईट काही नव्हतं. त्या दिवशी वारा पडलेला होता आणि तक्ता आधीच मागे पडला होता.

आजोबा हारिसच्या, म्हणजे इमारतीच्या राखणदाराच्या खुर्चीवर बसून हे बघत होते. मुलगी वर गेल्यावर त्यांनी विचारलं, "ही वर्गणी कुणासाठी म्हणालास?"

"आजारी मुलांसाठी, अण्णा. त्यांच्या घरच्यांसाठीही."

"मग ही कोण?"

वडील काही बोलले नाहीत. सायकल स्टँडला लावली, दुसऱ्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली.

त्या दिवसापासून शुक्रवारचा क्रम बदलला. आजोबांनी गावाकडे निम्म्या आळीला सायकल शिकवली होती. इथेही तीच रीत: मागून कॅरिअर धरायचं, "पुढे बघ, चाकाकडे नको" म्हणत पळायचं, आणि न सांगता हात सोडायचा. आजोबा दमले की मुलगा पळायचा, तो दमला की वडील. ती पडली, गुडघा सोलवटला, आणि ती खुशीत घरी जाऊन भावाला जखम दाखवून आली. भावाने पडतानाचा व्हिडिओ मागितला आणि तो पुन्हा पुन्हा लावून हसला. पुढच्या शुक्रवारपासून व्हिडिओ आणल्याशिवाय तिला घरात घ्यायचं नाही, असा त्याचा हुकूम निघाला.

आईने सायकलच बाजूला ठेवली. चेचीकडून आणि त्या मुलीकडून तिने मशीन कसं लावायचं, मुलाची मान कशी धरायची ते नीट शिकून घेतलं. मग शुक्रवारी सकाळी ती त्याच्यापाशी बसू लागली आणि चेची शेजारच्या खोलीत दार लावून झोपू लागली. पहिल्या दिवशी चेची दर दहा मिनिटांनी उठून बघून गेली. तिसऱ्या शुक्रवारी तिला हाक मारून उठवावं लागलं. त्याच आठवड्यात आईने तिला बैत अब्दुल्लाचा पत्ता दिला. मुलाच्या डॉक्टरांशी बोलून तिकडची वाट कशी धरायची, हे त्या दोघींनी मिळून शोधलं.

मार्च सरत आला, ऊन तापायला लागलं. तक्त्यावर वडिलांचे एकसष्ट किलोमीटर भरले होते, मुलांचे त्याहून कमी, आईचे जेमतेम अकरा. वडिलांनी सगळ्यांना खरे आकडे कळवले आणि लिहिलं, की जेवढे झाले तेवढ्याचेच भरा. काहींनी शंभराचे भरले, काहींनी मोजून तेवढेच, एकदोघे विसरले. ठरवली होती त्यापेक्षा रक्कम कमी जमली. मला विचाराल तर त्या कुटुंबाने घेतलेलं काम पुरतं केलं.

तुमच्या इमारतीत, तुमच्या आळीत असं एखादं घर असेल. संस्थेला पैसे जरूर द्या, त्यांना ते लागतातच. आणि येत्या सुट्टीच्या दिवशी त्या घराची बेल वाजवा. आजारी मुलापाशी तासभर बसा, आणि त्याच्या भावाला किंवा बहिणीला खेळायला खाली बोलवा.