रोग कोणाचा, निर्णय कोणाचा?

वृद्ध पित्यास रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान होते, आणि घरात पहिला विचार निघतो तो हा की, त्यांना हे कळू द्यावयाचे नाही. हेतू शुद्ध असतो. परंतु हेतू शुद्ध म्हणून कर्मही शुद्ध ठरतेच असे नाही. यास्तव या आचरणाचा विचार कर्तव्य आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. रक्तपेशी अस्थिमज्जेत निर्माण होतात. तेथे सदोष पेशी बेसुमार वाढल्या की निरोगी पेशींस जागा उरत नाही. मग थकवा, वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त येणे ही लक्षणे दिसतात. परंतु या एका नावाखाली भिन्न रोग येतात. उतारवयात आढळणारा एक मंद प्रकार असा आहे की, त्यात कित्येकदा अनेक वर्षे औषधही लागत नाही. ठराविक काळाने रक्त तपासून लक्ष ठेवतात. तीव्र प्रकार मात्र उपचाराविना काही आठवड्यांत वा महिन्यांत प्राण घेतो, आणि त्यावरील प्रखर रसायनोपचार ७५ वर्षांपुढील देहास बहुधा सोसत नाहीत. म्हणून शोक करण्यापूर्वी प्रकार कोणता, हे वैद्यास विचारणे हे सेवेचे पहिले अंग होय.

शंका : सत्य सांगितल्याने वृद्धास दुःख होईल. दुःख देणे ही हिंसाच नव्हे काय?

समाधान : दुःख देहात आधीच आले आहे, शब्द त्यास केवळ नाव देतो. वरचेवर रक्त चढविले जाते, मुले दाराआड कुजबुजतात, सून डोळे पुसून बाहेर येते. एवढे पाहूनही आयुष्य जगलेल्या माणसास काही उमजत नाही असे मानणे हा त्याच्या बुद्धीचा अवमान होय. पुढे तोही मुलांसाठी अज्ञानाचे सोंग घेतो. मग एका घरात राहून सर्वजण परस्परांपासून एकच गोष्ट लपवितात, आणि सोबतीची गरज सर्वाधिक असते तेव्हाच प्रत्येकजण एकटा पडतो.

शिवाय लपविण्यात अपहार आहे. कोणाचे देणे फेडावे, कोणाची क्षमा मागावी, कोणत्या स्थानास एकवार वंदन करावे, किती वेळ स्मरणात घालवावा, हे पित्यानेच ठरवावयाचे. दुसऱ्याचे धन न सांगता ठेवून घेणे आपण निंद्य मानतो. मग दुसऱ्याचा उरलेला काळ?

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात, सावध असतानाच अंतकाळच्या उपचारांविषयी आपली इच्छा लिहून ठेवण्यास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ती रीत सोपी केली. ज्यास आपला रोगच ठाऊक नाही, तो हा अधिकार कसा वापरणार?

शंका : वृद्धाचीच जाणण्याची इच्छा नसेल तर?

समाधान : तर तीही मानावी; परंतु गृहीत न धरता विचारून घ्यावी. आजचे उत्तर उद्या पालटू शकते, म्हणून पुन्हा विचारावे. सर्व काही एका बैठकीत सांगण्याची सक्ती नाही. मात्र त्यांनी विचारलेल्या प्रश्नास खोटे उत्तर देऊ नये.

सांगितल्यावर मुलाचे खरे काम सुरू होते. तीव्र रोगात वा रसायनोपचार चालू असता ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अन्न ताजे व शिजवलेले द्यावे. भेटीस येणाऱ्यांची गर्दी आवरावी. रक्तदाते शोधून ठेवावेत. प्लेटलेट साधारण ५ दिवसच टिकतात, त्यामुळे आधी साठवून भागत नाही.

सर्वांत कठीण प्रसंग पुढे येतो. पिता म्हणतो, ‘आता पुरे, मला घरी न्या.’ मुलास हा आपल्या प्रेमाचा अव्हेर वाटतो. अशा वेळी वाद घालू नये. वैद्याकडून त्यांना परिणाम नीट समजावून द्यावेत, वेदनाशमनाची व्यवस्था करावी, आणि निर्णय पाळावा. पाळणे जड जाते, हे खरे; परंतु ज्याचा देह, ज्याचा काळ, त्याचाच शब्द शेवटचा, हे मान्य केल्यावाचून सेवेस सेवा म्हणता येत नाही.