सहा घरं, पाच काडतुसं

आज मननासाठी एक वस्तू समोर ठेवू या. जुन्या अमेरिकी पश्चिमेतलं सिंगल ॲक्शन, म्हणजे दर गोळीआधी घोडा हाताने ओढावा लागणारं रिव्हॉल्व्हर, म्हणजे आज नव्याने घडवलेली त्याची प्रतिकृती. लगेच हातात घेऊ नका. आधी नुसतं पाहा. मागे उभा असलेला घोडा, सहा घरांचं फिरतं चक्र, उजव्या अंगाला काडतूस भरायची छोटी झडप, आणि नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली लाकडी मूठ. आपल्यापैकी बहुतेकांची या आकाराशी ओळख पडद्यावर झाली. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या वेस्टर्न चित्रपटांत तो दिसला, आणि त्या चित्रपटांची छाया १९७५ च्या ‘शोले’पर्यंत पोचली. म्हणून मनात एक चित्र आधीपासूनच आहे. त्या चित्रात गोळी नेहमी योग्य माणसालाच लागते. ते चित्र थोडा वेळ बाजूला ठेवा. समोर जे आहे त्याच्याकडे पाहा.

पहिला प्रश्न: हे कुठून आलं?

१८७३ मध्ये कोल्ट कंपनीने हार्टफर्डच्या कारखान्यात हे रिव्हॉल्व्हर बनवलं आणि अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं. घोडदळासाठी साडेसात इंचांची नळी ठरली. पुढे साडेपाच आणि पावणेपाच इंचांच्या नळ्या आल्या. १८७६ च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या सैनिकांच्या कमरेला हीच रिव्हॉल्व्हरं होती. समोर लकोटा आणि चेयेन हे मूळनिवासी लोक आपली भूमी आणि आपली माणसं राखत होते. त्या दिवशी कस्टर हरला आणि मारला गेला. भूमी मात्र पुढे त्या लोकांच्या हातून गेलीच. प्रतिकृती विकत घेणारा बहुधा गुराख्यांच्या दंतकथेकडे ओढला जातो. हाही इतिहास त्याच पोलादात आहे. तो टाळून निवड करू नका. थोडं थांबा, आणि स्वतःला विचारा: या वस्तूतलं मला नेमकं काय हवं आहे? यंत्राची सुबकता, नेमबाजीचा सराव, जुन्या काळाचा अभ्यास, की हातात बळ आल्याचा भास? उत्तर शेवटचं असेल तर हे मनन इथेच थांबवा आणि वस्तू दुकानात राहू द्या.

दुसरा प्रश्न: प्रतिकृती म्हणजे काय?

उत्तर इटलीत, आल्प्सच्या पायथ्याशी ब्रेशा प्रांतात आहे. तिथल्या व्हाल त्रोम्पिया खोऱ्यात लोखंडाच्या खाणी होत्या, आणि त्या आधाराने बंदुकांच्या नळ्या घडवणारी घराणी शतकानुशतकं नांदली. बेरेटा घराण्याची कागदोपत्री नोंद १५२६ ची आहे. त्याच खोऱ्यातल्या गार्दोने गावी आल्दो उबेर्तीने १९५९ मध्ये काम सुरू केलं. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली होती आणि त्या काळची शस्त्रं पुन्हा हवी होती. म्हणून आधी कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती झाली, पुढे १८७३ चा नमुनाही आला. पिएत्ता हे प्रतिकृती बनवणाऱ्यांतलं दुसरं मोठं नावही याच प्रांतातलं. कोल्टने या रिव्हॉल्व्हरचं स्वतःचं उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद केलं होतं. ते १९५६ मध्ये पुन्हा सुरू झालं. आजही मूळ कंपनीच्या वस्तूपेक्षा इटालियन प्रतिकृती बरीच स्वस्त पडते.

अशी प्रतिकृती हातात आली की तिच्यावरचे बारीक ठसे वाचा. इटलीत प्रत्येक बंदूक सरकारमान्य चाचणीगृहात जाते. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून पाहतात, मगच ठसा उमटतो. त्यात चाचणीचं वर्षही अक्षरांच्या खुणेत असतं. या ठशापाशी थोडं रेंगाळा. शोभेच्या वस्तूला अशी परीक्षा द्यावी लागत नाही. या वस्तूचं रूप तेवढं नक्कल आहे. नळीतून सुटणारी गोळी १८७३ मध्ये जितकी खरी होती तितकीच आजही आहे. पुढची प्रत्येक निवड या जाणिवेतून करायची.

तिसरा प्रश्न कॅलिबरचा, म्हणजे नळी आणि काडतुसाच्या मापाचा. इथे घाई करू नका.

पहिलं नाव .४५ कोल्ट. याच काडतुसासाठी मूळ रिव्हॉल्व्हर जन्मलं. सुमारे २५० ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमची जाड शिशाची गोळी आणि मागे काळी दारू. ज्याला इतिहासाशी इमान राखायचं आहे, त्याचं मन इथे स्थिरावतं. पण हे काडतूस महाग असतं. त्यामुळे नियमित सराव करणारे बरेच जण रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून घरी पुन्हा भरतात. ते काम शिकण्याची आणि एकाग्रतेने करण्याची तुमची तयारी आहे का?

दुसरं नाव .४४-४०. विंचेस्टर कंपनीने आपल्या १८७३ च्या रायफलीसाठी हे काडतूस काढलं, आणि १८७८ पासून कोल्टचं रिव्हॉल्व्हरही त्यात मिळू लागलं. कमरपट्ट्यात एकच काडतूस, ते रायफलीतही चाले आणि रिव्हॉल्व्हरमध्येही. दूरच्या कुरणांत राहणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय होती. .४५ कोल्टच्या जुन्या पुंगळीचा काठ इतका अरुंद होता की रायफलीला ती ओढून काढणं कठीण जाई. म्हणून त्या काळी रायफली .४५ कोल्टमध्ये निघाल्या नाहीत. आज पुंगळ्या सुधारल्या आहेत आणि .४५ कोल्टच्या प्रतिकृती रायफलीही मिळतात. म्हणून .४४-४० ची आजची ओढ मुख्यतः अभ्यासकाची आहे. त्याच्या पुंगळ्या पातळ असतात आणि भरताना जपाव्या लागतात.

तिसरं नाव .३५७ मॅग्नम. हे १९३५ चं, म्हणजे त्या जुन्या पश्चिमेला कधी दिसलंच नाही. इतिहासाच्या कसोटीवर ते उतरत नाही. पण .३५७ च्या घरात .३८ स्पेशल हे सौम्य, स्वस्त आणि सहज मिळणारं काडतूसही चालतं. रिव्हॉल्व्हरचा सांगाडा तोच, छिद्रं मात्र लहान. म्हणून पोलाद जास्त उरतं, वजन वाढतं आणि हाताला धक्का कमी बसतो. नवशिक्याला चाप ओढण्याआधी डोळे मिटण्याची सवय लागत नाही. .३८ सतत वापरलं तर घराच्या पुढच्या भागात काजळीचं कडं साचतं. ते घासून काढावं लागतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या रिव्हॉल्व्हरचा मागचा नेम म्हणजे वरच्या पट्टीत कोरलेली एक खाच. ती हलत नाही. हलकी, वेगवान गोळी सहसा खाली लागते आणि जड गोळी वर. म्हणजे शस्त्राला आपल्याजोगं करता येत नाही. त्याला मानवणारं काडतूस आपणच शोधायचं असतं. ज्याच्याकडे एवढा धीर नाही, त्याने हलत्या नेमाचं आधुनिक रिव्हॉल्व्हर पाहावं.

आता या मननाच्या गाभ्याशी येऊ. डोळे मिटा आणि मनातल्या मनात ही क्रिया सावकाश करा. नळी सुरक्षित दिशेला आहे. घोडा अर्धा ओढा. चक्र मोकळं झालं. झडप उघडा. एका घरात काडतूस ठेवा. पुढचं घर रिकामं सोडा. त्यापुढची चार घरं भरा. झडप बंद करा. घोडा पूर्ण ओढा, आणि अंगठ्याने धरून हलकेच खाली उतरवा. घोड्याखाली आलेलं घर रिकामं आहे. सहा घरं, पाच काडतुसं.

हे कशासाठी? जुन्या रचनेत घोड्याची टोचणी थेट काडतुसाच्या टोपीवर टेकते. जानेवारी १८७६ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा गावी वायट अर्प हा पोलीस एका गुत्त्यात खुर्चीवर बसला होता. त्याचं रिव्हॉल्व्हर म्यानातून निसटून पडलं आणि गोळी सुटली. ती त्याच्या कोटातून आरपार गेली. पुढे दंतकथा झालेल्या माणसाचा जीव त्या दिवशी थोडक्यात वाचला. ज्या प्रतिकृती मूळ रचनेशी तंतोतंत प्रामाणिक आहेत, त्या या दोषाशीही प्रामाणिक आहेत. रूगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि टोचणी यांच्यामध्ये एक पट्टी बसवली. चाप ओढल्याशिवाय घाव टोचणीपर्यंत पोचत नाही. अलीकडच्या काही इटालियन प्रतिकृतींतही मागे सरणारी टोचणी आली आहे. तरीही काऊबॉय पद्धतीच्या नेमबाजी स्पर्धांत नियम एकच आहे: रिव्हॉल्व्हर कोणतंही असो, काडतुसं पाच आणि घोडा रिकाम्या घरावर. यंत्रात सुधारणा झाली म्हणून तिथे शिस्त सैल केलेली नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

शेवटी स्वतःच्या जागेचा विचार करा. भारतात परवान्याशिवाय असं शस्त्र बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे; तिथे हे मनन मननच राहू द्यावं. टेक्सास किंवा ॲरिझोनात राहणाऱ्या मराठी माणसाला खरेदी शक्य आहे, पण एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला काही मोजके अपवाद सोडले तर अमेरिकेचा संघीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. आधी हे तपासा. घरात मुलं असतील, किंवा कुणी खोल निराशेतून जात असेल, तर कुलूपबंद तिजोरी आधी येते आणि रिव्हॉल्व्हर नंतर. कधी कधी ते येऊच नये, हेच उत्तर बरोबर असतं.

इतक्या विचारानंतरही घ्यायचंच ठरलं, तर माझा कौल स्पष्ट आहे. नेमबाजी शिकायची असेल तर .३५७ घ्या आणि त्यात .३८ स्पेशल वापरा. मूळ वस्तूचा अनुभव हवा असेल आणि काडतुसं भरण्याची विद्या शिकायची तयारी असेल तर .४५ कोल्ट घ्या. .४४-४० अभ्यासकांसाठी ठेवा. नळी साडेपाच इंचांची असू द्या. तोल आणि नेम दोन्ही साधतात. आणि सहावं घर रिकामं ठेवणं ज्याला जाचक वाटतं, त्याने कोणत्याही कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर घेऊ नये.