खांडववनाचा श्रोता : निवेदक, नायक आणि न्याय

१

पुराणकथेतील एखादी लाडकी व्यक्तिरेखा नव्या निवेदकाच्या तोंडून पुन्हा सांगितली गेली की वाचकाच्या मनातील तिची प्रतिमा बदलते, हे विधान आता समीक्षेत इतके रुळले आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. मूळ संहितेत जो गप्प होता त्याला बोलू दिले, म्हणजे त्याला न्याय मिळाला, असे या विधानामागील गृहीतक असते. परंतु वाचा देणे आणि न्याय देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निवेदनतंत्राच्या कक्षेत येते, दुसरी नीतिविचाराच्या. निवेदनाची सूत्रे हाती आलेला प्रत्येक निवेदक साक्षीदार असतोच असे नाही. पुष्कळदा तो स्वतःचा वकील असतो. साक्षीदाराला आपल्या विरुद्ध जाणारेही सांगावे लागते; वकिलावर ते बंधन नसते. तेव्हा प्रश्न असा मांडावा लागतो : निवेदक बदलल्याने वाचकाचे मूल्यभान केव्हा बदलते, आणि वाचकाची माया एका नायकावरून उचलून दुसऱ्यावर ठेवण्यापलीकडे काहीच केव्हा घडत नाही?

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये निवेदकाची विश्वसनीयता आणि वाचकाचे त्याच्यापासूनचे अंतर यांची चर्चा केली. १९६६ मध्ये जीन ऱ्हीस यांनी 'जेन एअर'मधील कोंडून ठेवलेल्या स्त्रीला कादंबरीच्या मध्यभागी आणले. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, मराठीत शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. दोन्ही महाभारताकडे नव्या जागेवरून पाहतात. मात्र त्या जागा परस्परांपासून फार दूर आहेत. त्या अंतरातच या प्रश्नाच्या उत्तराची दिशा सापडते.

२

'मृत्युंजय'मध्ये सहा निवेदक आहेत : कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. मृत्यूनंतरही आपली कथा सांगण्याची निकड वाटणारा कर्ण हा त्यांतील मुख्य, आणि शेवटचा शब्द कृष्णाचा. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या व्यवस्थेत गुणवान माणसाच्या वाट्याला येणारी अवहेलना आतून कशी जाणवते, हे या निवेदनाने मराठी वाचकाच्या कित्येक पिढ्यांना दाखवले. हे या कादंबरीचे मोठेच काम आहे, आणि तिच्या लोकप्रियतेचे कारण केवळ भाषेच्या अलंकरणात शोधणे हा तिच्यावर अन्याय होईल.

तरीही तिच्या रचनाबंधाकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. माता, मित्र, पत्नी, भाऊ आणि प्रतिपक्षात असूनही कर्णाची थोरवी जाणणारा कृष्ण, असे हे साक्षीदार आहेत. दृष्टिकोन सहा, निवाडा मात्र एकच. ज्या द्यूतसभेत कर्णाचे चारित्र्य खऱ्या अर्थाने कसोटीला लागते, तिथे त्याच्या शब्दांनी जिचा अपमान झाला ती द्रौपदी या सहांमध्ये नाही. कर्णाचा पश्चात्ताप वाचकापर्यंत पोहोचतो, तो कर्णाकडूनच. अपराध्याने आपला अपराध सांगावा, त्यामागचे स्वतःचे दुःखही सांगावे, आणि ज्या व्यक्तीचा अपराध केला तिला बोलण्याची संधीच मिळू नये, अशी ही मांडणी आहे. अशा ठिकाणी वाचक क्षमा करतो. पण क्षमा करण्याचा अधिकार त्याच्याकडे कोठून आला, हे तो विचारत नाही.

प्रथमपुरुषी निवेदनाने सहानुभूती आपोआप मिळते असा मात्र याचा अर्थ नाही. वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति'मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापली बाजू सांगतात. त्यांतील देवयानीला निवेदनाची पूर्ण मुभा आहे, आणि तरीही तिच्या बाजूने वाचक सहसा उभा राहत नाही. तिचा अहंकार तिच्याच शब्दांतून उघडा पडतो. म्हणजे केवळ बोलायला मिळाल्याने निवेदकाची बाजू भक्कम होत नाही, आणि ती भक्कम झाली तरी त्याला न्याय म्हणता येत नाही. निर्णायक ठरणारा घटक निवेदकात नसून अन्यत्र असला पाहिजे.

३

महाभारताची मूळ चौकट हा घटक दाखवून देते. व्यासांच्या सांगण्यावरून वैशंपायन जी कथा सांगतो ती जनमेजयाच्या सर्पसत्रात. पुढे सौती तीच नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगतो. पहिला श्रोता अर्जुनाचा पणतू आहे, आणि पित्याच्या मृत्यूचा सूड म्हणून तो सापांचा समूळ नाश करायला बसलेला आहे. त्याला खांडववनाच्या दाहाची कथा सांगायची, म्हणजे त्याच्या पणजोबांनी कृष्णाच्या साहाय्याने एक वन त्यातील जिवांसह कसे जाळले, हे सांगायचे. श्रोता हा त्या पराक्रमाचा वारस आहे. सांगणाऱ्याला हे विसरता येत नाही.

या प्रसंगातील बोलक्या आणि मुक्या जिवांची वाटणीही पाहण्यासारखी आहे. आग पसरत असताना जरिता आणि तिची चार पिले यांना सविस्तर आख्यान लाभते. ती पिले अग्नीची स्तुती करतात आणि वाचतात. मयासुर शरण येतो, वाचतो, आणि पांडवांना सभा बांधून देतो. तक्षकाची पत्नी मात्र आपल्या मुलाला, अश्वसेनाला, गिळून निसटू पाहते आणि अर्जुनाच्या बाणाने मरते. मुलगा वाचतो, तिला आख्यान नाही. वाचलेल्यांपैकी ज्यांनी स्तुती केली किंवा जे उपयोगी पडले त्यांच्या वाट्याला कथा आली; जळालेल्यांच्या वाट्याला यादी. 'युगान्त'मधील मयसभेवरील लेखात इरावती कर्वे यांनी या संहाराकडे कोणतीही भक्तिभावाची ढाल न घेता पाहिले. अभ्यासकाच्या तटस्थ, तृतीयपुरुषी निवेदनानेही लाडक्या नायकाची प्रतिमा हलू शकते, हे त्या लेखाने सिद्ध केले. तिथे निवेदक नवा होता म्हणण्यापेक्षा श्रोता नवा होता असे म्हणणे अधिक योग्य ठरेल : वारसाहक्काची लाज वाटू शकेल असा, संशोधित आवृत्तीच्या काळातला वाचक.

४

अरुण कोलटकर यांच्या इंग्रजीतील 'सर्पसत्र' (२००४) या दीर्घकवितेत ही शक्यता पूर्णत्वाला जाते. प्रारंभी जनमेजय बोलतो. मग जरत्कारू बोलते. ती वासुकीची बहीण, नागकन्या आणि आस्तिकाची आई आहे. ती जगाशी बोलत नाही, काळाच्या दरबारात फिर्यादही मांडत नाही. ती आपल्या मुलाशी बोलते. हा मुलगा नागकन्येचा आणि ब्राह्मण ऋषीचा आहे. सत्राच्या मंडपात ज्याला प्रवेश मिळू शकतो आणि ज्याचे मातुलकुल त्याच मंडपात जळते आहे, असा तो एकमेव श्रोता. तिला त्याच्याकडून कौतुक नको, सूडही नको; सत्र थांबायला हवे आहे.

तिच्या निवेदनात खांडववन म्हणजे झाडे, प्राणी, पक्षी आणि तिथली साधी माणसे आहेत. अर्जुन आणि कृष्ण तिथे दिसतात ते या वनाच्या बाजूने. मराठी वाचकाचा अर्जुन ज्ञानेश्वरीतून (१२९०) घडलेला आहे : गुरूचा लाडका, प्रश्न विचारणारा, हातून धनुष्य गळून पडावे इतका करुणेने व्याकूळ झालेला. जरत्कारूचे ऐकल्यानंतर हा अर्जुन खोटा ठरत नाही. त्याची करुणा खरीच असते. मात्र गीतेच्या पहिल्या अध्यायातील त्याचा विषाद स्वजनांपुरता होता, हे आता लक्षात येते. खांडववनात तोच हात थरथरला नव्हता. नव्या निवेदनाने नायकाच्या खात्यावर एक नवा अपराध लिहिला असे नाही, कारण तो अपराध मूळ संहितेत होताच. नायकाच्या सद्गुणाला सीमा होती आणि ती कोठून जात होती, एवढे त्याने दाखवले. आणि ज्या वाचकाने त्या सद्गुणावर प्रेम केले, त्याला आपल्या प्रेमाचीही सीमा तपासावी लागते.

'मृत्युंजय'च्या शेवटी वाचक मोकळा होतो. अश्रूंनी त्याचे देणे फिटते. 'सर्पसत्र'च्या शेवटच्या भागात सत्र संपते, स्नानविधी होतो, तरी आग कायमची विझली अशी ग्वाही कविता देत नाही. दोन कृतींमधील नैतिक फरक येथे आहे.

५

श्रोत्याचे स्थान ही केवळ सैद्धांतिक कल्पना नाही; ते नकाशावरही दाखवता येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागाला झाडीपट्टी म्हणतात; प्रदेशाला नावच झाडांवरून पडलेले आहे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा रेशमाच्या विणकामासाठी ओळखले जाते. कोशाची अळी घरात वाढत नाही. जंगलातील ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पाल्यावर ती उघड्यावर वाढते. म्हणजे आंधळगावातल्या मागावरचे काम खरे तर जंगलात सुरू होते. अशा गावी खांडवदाहाचे आख्यान वाचले गेले, तर वन म्हणजे नगर वसवण्याआधी साफ करायची जागा, हे संहितेतील गृहीतक श्रोत्याने निमूटपणे स्वीकारावे असे काही कारण नाही. अर्जुन हे त्याच्यासाठी वीराचे नाव आहे तसे झाडाचेही आहे. आणि निवेदक न बदलताही कथेचा तोल बदलू शकतो, कारण ऐकणारा इंद्रप्रस्थात बसलेला नाही.

परंतु येथे भाबडेपणा टाळला पाहिजे. झाडीपट्टीतील श्रोता म्हणून तो निष्पाप, असे मानणे हा नायकपूजेचाच दुसरा प्रकार होईल. कोशातून पतंग बाहेर पडला तर कोश भेदला जातो आणि सलग धागा हाती येत नाही. म्हणून आतला जीव आधीच मारावा लागतो. पूजेला चालणारे हे सोवळे वस्त्र त्या मृत्यूखेरीज विणले जात नाही. विणकराचे पोट आणि नेसणाऱ्याचे पावित्र्य दोन्ही त्यावर उभे आहेत. खांडववन जाळणे आणि कोसा उकळणे यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. एक संहार आहे, दुसरे उपजीविका. तरी 'ऐकणारा मी कोणाच्या मरणाचा वारस आहे' हा जनमेजयाला न पडलेला प्रश्न कोणत्याही श्रोत्याला टळत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्येक श्रोत्यागणिक कथा बदलणार असेल, तर अपराधही सापेक्ष होईल. अर्जुन एका गावी वीर आणि दुसऱ्या गावी आगलाव्या ठरेल. हा आक्षेप दृष्टिकोन आणि घटना यांची गल्लत करतो. वन जळले, याबद्दल जनमेजय आणि जरत्कारू यांचे दुमत नाही. मतभेद आहे तो जळण्याला काय म्हणायचे, आणि त्याचे उत्तर कोणी द्यायचे याबद्दल. श्रोता बदलल्याने सत्य विरघळत नाही. त्या सत्याची जबाबदारी कोणावर येते हे उघड होते.

६

कर्णपर्वात अश्वसेन पुन्हा येतो. आईच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी तो कर्णाच्या नकळत त्याच्या बाणात शिरतो, आणि नेम चुकल्यावर कर्णाला आपली ओळख देऊन पुन्हा सोडण्याची विनंती करतो. दुसऱ्याच्या बळावर आपण विजय मिळवणार नाही, असे म्हणून कर्ण नकार देतो. कर्णभक्त वाचकाला हा क्षण त्याच्या उदात्ततेचा वाटतो, आणि एका अर्थी तो तसा आहेही. पण स्वतः आयुष्यभर अवहेलना सोसलेला माणूस समोरच्या अनाथाला विचारत नाही की तुझ्या आईचे काय झाले. त्याच्या लेखी समोर आहे ते एक अस्त्र, आणि ते वापरावे की नाही एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न आहे. मग अश्वसेन एकटाच अर्जुनावर धावून जातो आणि मरतो.

ज्याचे कधी कोणी ऐकले नाही, तो दुसऱ्याचे ऐकेलच असा नियम नाही. म्हणून उपेक्षित नायकाला निवेदक करून समीक्षेचे किंवा साहित्याचे काम संपत नाही. कर्णाचे निवेदन वाचून हळहळलेल्या वाचकासमोर अश्वसेन उभा असतो, आणि त्या वेळी कर्णाने जे विचारले नाही ते विचारण्याची पाळी वाचकावर येते.