आंबील आणि सुरा

आंबलेले धान्य देवाला चालते का, हा धर्मशास्त्रातला जुना प्रश्न आहे. लातूर जिल्ह्यातले शेतकरी दरवर्षी मार्गशीर्ष अमावास्येला त्याचे उत्तर मातीच्या बिंदग्यात भरून शेतात नेतात. ही वेळ अमावास्या, बोलीत येळवस. लातूर-धाराशिवचा हा मोठा सण आहे आणि नांदेडच्या काही भागांतही तो पाळतात. त्या दिवशी लातूर शहराचे रस्ते ओस पडतात, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, लक्ष्मीची पूजा करतात. नैवेद्याला भज्जी, उंडे, खीर असे बरेच काही असते. पण आंबील नसेल तर येळवस झाली असे कोणी म्हणणार नाही.

ज्वारीचे पीठ आधी भिजत घालतात. आंबूस वास सुटला की ते शिजवतात आणि निवल्यावर त्यात ताक, मीठ, आले, लसूण घालतात. रानातल्या थंडीत बिंदगा गार पडलेला असतो. वाटी ओठांशी नेली की प्रथम नाकाला आंबूसपणा जाणवतो, मग जिभेवर ज्वारीचा मातकट गोडवा उतरतो, पाठोपाठ लसणाचा झटका येतो आणि घोट गिळल्यानंतरही जिभेच्या कडांवर आंबटपणा रेंगाळत राहतो. ही चव एकट्या ज्वारीची नाही, ताकाचीही नाही. ती आंबण्याची चव आहे.

बेल्जियमच्या वलोनिया भागातल्या शेतघरांतही शेतीच्या गरजेतून असेच एक आंबलेले पेय तयार झाले. हिवाळ्यात जवाची बिअर करून ठेवायची आणि ती उन्हाळ्यात राबणाऱ्या मजुरांना द्यायची. तिचे नाव सेझाँ, म्हणजे हंगाम. ओकच्या पिंपात मुरवलेल्या अशा बिअरला लाकडात वस्ती करून असलेले जिवाणू आंबटपणा आणतात. त्यांतले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आंबिलीतल्या जिवाणूंच्याच गोतावळ्यातले. मग एक पेय मद्य आणि दुसरे नैवेद्य, असे कशाने होते? फरक मोडांत आहे. जवाला मोड आणले की त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि यीस्ट त्या साखरेचे मद्यार्क करते. आंबिलीचे पीठ बिनमोडाच्या ज्वारीचे असते, त्यामुळे तिथे आम्लाचेच राज्य चालते. पुढे चुलीवर शिजताना आंबण्याची क्रियाच थांबते. ज्वारी मात्र दोन्हीकडे जाऊ शकते. दक्षिण आफ्रिकेत मका आणि मोड आणलेली ज्वारी यांपासून उम्कोंबोथी नावाची बिअर करतात, आणि ती पूर्वजांना अर्पण करतात.

वैदिकांनाही हे परके नव्हते. सौत्रामणी यज्ञात सुरेची आहुती होती आणि ती सुरा मोड आणलेल्या धान्यापासूनच करीत. पुढे मनुस्मृतीने सुरेला अन्नाचा मळ ठरवले आणि तिचे गौडी, पैष्टी, माध्वी असे तीन प्रकार सांगितले. पैष्टी म्हणजे पिठाची. कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या गोष्टींच्या यादीत तर सौत्रामणीतली सुराही बसली. देवाला एकेकाळी चालणारी वस्तू मळ कशी झाली, याचे उत्तर वस्तूकडे पाहून मिळत नाही. ती तर तीच होती.

या वादाचा एक महत्त्वाचा निवाडा लातूरच्या शेजारीच लिहिला गेला. निलंग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (1076 ते 1126) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तिच्या मते सुरा हा शब्द मुख्यार्थाने पैष्टीलाच लागतो. म्हणून पैष्टी तिन्ही द्विज वर्णांना वर्ज्य. गौडी आणि माध्वी ब्राह्मणाला वर्ज्य, क्षत्रिय-वैश्यांना तसा निषेध नाही. म्हणजे सर्वांत कठोर निषेध धान्याच्या पेयावरच येऊन पडला. त्याच कल्याणात काही दशकांनी बसवण्णांच्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्त संतांमध्ये, हेंडद मारय्या बसला. हेंड म्हणजे ताडी-दारू. ती विकणे हा त्याचा धंदा. त्याची वचने आजही वाचली जातात. कोणी काय प्यावे हे वर्णावरून ठरवणाऱ्या ग्रंथाच्या गावात दारू विकणारा संतांच्या पंगतीत आला, ही गोष्ट मिताक्षरेइतकीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आंबिलीचा खरा आधार मात्र सुरेच्या प्रकरणात सापडत नाही. तो मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, भक्ष्याभक्ष्याच्या विचारात आहे. आपोआप आंबट झालेल्या पदार्थाला तिथे शुक्त म्हटले असून तो टाळायला सांगितले आहे. पण दही आणि दह्यापासून झालेले सगळे पदार्थ यांना सूट आहे. आंबिलीत ताक पडते. येळवशीच्या पहाटे ताक ओतणाऱ्या बाईला हा श्लोक ठाऊक असण्याचे कारण नाही, तरी तिचा हात नेमका त्या सवलतीवर पडतो. आंबलेल्याला घरातल्या ताकाची जोड द्यायची, हे शहाणपण ग्रंथाने स्वयंपाकघराकडूनच घेतले असावे, असे मानायला जागा आहे.

वैद्यांनी ही रेघ निराळ्या ठिकाणी ओढली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सुरा, आसव आणि अरिष्टे ज्या मद्यवर्गात येतात, त्याच वर्गात सौवीरक, तुषोदक ही धान्याची आंबट पेये आणि आंबट कांजीही येते. चरकाला आंबण्याची क्रिया दिसते आणि ती सगळीकडे सारखीच आहे. नवे मद्य जड, जुने हलके आणि स्रोतसे मोकळी करणारे, असेही तो सांगतो. पिंपात मुरवण्याचे महत्त्व जाणणाऱ्याला हे लगेच पटेल. शास्त्राची दृष्टी म्हणून चरकाचे वर्गीकरण अधिक प्रामाणिक आहे, कारण ते आंबील आणि सुरा यांचे नाते लपवत नाही.

धर्माचा प्रश्न मात्र त्या नात्याने सुटत नाही. मनुस्मृतीने मळ पदार्थात शोधला, मिताक्षरेने निषेध पिणाऱ्याच्या वर्णाप्रमाणे वाटला. येळवशीची रीत या दोहोंहून सरस आहे. ती आंबणे नाकारत नाही. मदापाशी पोचण्याआधी त्याला विस्तवावर थांबवते आणि तयार झालेला पदार्थ कोणाच्याही हातात देते. त्या दिवशी रानात आलेल्या माणसाची जात विचारली जात नाही, त्याला जेवू घातल्याशिवाय सोडतही नाहीत. आंबील सुरा नव्हे, पण सुरेची सख्खी बहीण आहे, आणि तिला देवापुढे ठेवताना कोणालाही संकोच वाटलेला नाही. बिंदगा उघडला की आधी पांडवांना नैवेद्य दाखवतात, मग उभ्या पिकाभोवती फिरून आंबील जमिनीवर शिंपडतात, आणि त्यानंतरच वाट्या भरायला सुरुवात होते.