ज्यांचा रकानाच नव्हता

१९३८ मध्ये जमैकात ऊसमळ्यांतले आणि गोदीतले मजूर संपावर उतरले. गोळीबार झाला, माणसे मेली. मग लंडनच्या सरकारने लॉर्ड मॉइन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने वेस्ट इंडीजच्या बेटाबेटांवर फिरून घरे, मजुरी, शाळा आणि रोगराई पाहिली, आणि १९३९ च्या अखेरीस अहवाल हातावेगळा केला. त्यातले वर्णन इतके विदारक होते की महायुद्ध चालू असताना ते छापणे सरकारला परवडेना. १९४० मध्ये फक्त शिफारशी बाहेर आल्या. पूर्ण अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो १९४५ मध्ये. सेंट लुशिया बेटावरचा तरुण अभ्यासक आर्थर लुईस मात्र थांबला नव्हता. वेस्ट इंडीजच्या मजुरांवरची त्याची पुस्तिका १९३९ मध्येच छापून आली होती. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

सरकारी अहवाल आणि अभ्यासकाचे पुस्तक यांच्या नात्याबद्दल विचार करताना मला ही जोडी नेहमी आठवते. आपल्याकडे हे नाते तपासायला चंडीगडसारखे दुसरे ठिकाण नाही. पंजाब आणि हरियाणा यांच्यामधला हा ११४ चौरस किलोमीटरचा तुकडा आधी कागदावर जन्मला आणि मग जमिनीवर उतरला. साहजिकच त्याचे कागद विपुल आहेत. १९५२ चे दोन कायदे, वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांचे आराखडे, नागरिकांसाठी काढलेली सनद, जनगणनेच्या पुस्तिका, २०३१ पर्यंतचा मास्टर प्लॅन. सेक्टर किती मोठा, तर ८०० मीटर बाय १२०० मीटर. सरकारी घरे तेरा प्रकारची, मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंत प्रत्येकाची पगारानुसार पायरी ठरलेली. शहरात किंवा बागांत व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत, इतक्या बारकाव्यापर्यंत सनद जाते.

या सगळ्यात एक माणूस सापडत नाही. डोक्यावर घमेले घेऊन ज्याने हे काँक्रीट वर चढवले तो. पगाराच्या तेराव्या पायरीच्याही खाली असल्यामुळे त्याला घराचा प्रकारच नव्हता. त्याच्यासाठी ‘तात्पुरत्या’ मजूर वसाहती होत्या, आणि शहराभोवतीची मोकळी जमीन १९५२ च्या परिघ-नियंत्रण कायद्याने बांधकामाला बंद केली होती. म्हणजे शहरात जागा नाही आणि वेशीबाहेरही नाही. मधू सरीन यांचे चंडीगडच्या नियोजनावरचे पुस्तक १९८२ मध्ये आले. बेकायदा झोपड्या आणि रेहड्या (हातगाड्या) या योजनेतल्या बिघाडातून आलेल्या नाहीत, त्या योजनेनेच घडवल्या, ही गोष्ट त्यांनी तपशीलवार दाखवली. ज्याला कागदावर जागा दिली नाही, तो जमिनीवर दिसला की अतिक्रमण करणारा ठरतो. त्याआधी १९६८ मध्ये व्हिक्टर डिसूझा यांनी या नियोजित शहराच्या सामाजिक रचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. शहर वाढत असतानाच पंजाब विद्यापीठातला एक समाजशास्त्रज्ञ घरोघरच्या माहितीवरून त्याची रचना मांडतो, याचे मोल फार मोठे आहे. वास्तुरचनेवर लिहिणाऱ्यांच्या गर्दीत ही दोन पुस्तके कमी वाचली जातात, आणि त्याचे मला वाईट वाटते.

आणखी एक योग सांगण्यासारखा आहे. याच आर्थर लुईस यांचा अमर्याद श्रमपुरवठ्यावरचा प्रसिद्ध निबंध १९५४ मध्ये आला; पुढे १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. शेतीत पोट न भरणारी माणसे जेमतेम मजुरीवर नव्या उद्योगांकडे येत राहतात, असे तो निबंध सांगतो. नेमक्या त्याच वर्षांत अशीच माणसे चंडीगडच्या पायाडांवर चढत होती.

माझे म्हणणे असे नाही की सरकारी आकडे खोटे असतात. बहुतेक आकडे खरे असतात, आणि त्यांच्यावाचून अभ्यासकही आंधळा. फसवतो तो रकाना. कोणाला काय म्हणून मोजायचे हे आधी ठरते आणि आकडा त्यात मुकाट्याने जाऊन बसतो. २०११ च्या जनगणनेत चंडीगडची लोकसंख्या १०,५५,४५० आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ८१८. पुरुष एकटे कामाला येतात, असे चटकन उत्तर मिळते आणि ते बरेचसे खरेही आहे. पण त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलांमागे ८८० मुली आहेत. सहा वर्षांची मुले कामासाठी स्थलांतर करत नाहीत. जनगणनेने वय वेगळे मोजले म्हणूनच तर मुली नकोशा असण्याची गोष्ट स्थलांतराच्या आड लपू शकली नाही. रकाना नीट आखला की सरकारी पुस्तिकाही असे बोलते.

पंजाबात ही परंपरा जुनी आहे. लाहोरला १९१९ मध्ये आर्थिक चौकशी मंडळ स्थापन झाले आणि त्याने गावागावांच्या पाहण्या छापल्या. माल्कम डार्लिंग या सनदी अधिकाऱ्याने १९२५ मध्ये दाखवले की पंजाबी शेतकऱ्याचे कर्ज गरिबीबरोबरच समृद्धीनेही वाढले, कारण जमिनीची किंमत चढली आणि सावकाराला तारण मिळाले. नोकरीत राहून माणूस इतके स्वच्छ पाहू शकतो, याचा हा पुरावा आहे. आपल्याकडे धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे भाग १९४५ आणि १९५२ मध्ये आले. पुढे संस्थेने पुण्याची फेरपाहणीही केली. एकदा मोजून थांबायचे नाही, हा धडा फेरपाहणी देते.

चंडीगडमध्ये मात्र २०११ नंतर जनगणना झालेली नाही. या काळात जुन्या वसाहती पाडल्या गेल्या. कॉलनी नंबर ५ तर २०१३ मध्येच गेली. काहींना छोटे फ्लॅट मिळाले, अनेकांना नाही. आता २०२७ ची गणना ठरली आहे. तिच्या पुस्तिका ग्रंथालयात आल्या की विद्यार्थ्यांनी आणि पत्रकारांनी त्या उघडाव्यात, आणि आधी आकडे नव्हे तर रकान्यांची नावे वाचावीत.