हात कोण थांबवतो?



समाज बदलला की माणूस बदलतो, की माणूस बदलला की समाज? हा प्रश्न जुना आहे. काही जण म्हणतात, कडक कायदे करा, दुकाने बंद करा, माणूस आपोआप सुधारेल. इतर म्हणतात, कायद्याने काहीच होत नाही. ज्याचे त्याने पाहावे. इस्लामची शिकवण या दोन्ही मतांहून वेगळी आहे. ती समजून घेण्यासाठी प्रथम अमेरिकेचा, मग आपल्या विदर्भाचा आणि शेवटी आपल्या घराचा अनुभव पाहू या.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात दारूविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. व्यसनाने ज्यांचे संसार मोडले, त्या स्त्रिया तिच्या अग्रभागी होत्या. अखेर राज्यघटनेत अठरावी दुरुस्ती झाली आणि जानेवारी १९२० पासून साऱ्या देशात दारू बनवणे, विकणे आणि वाहून नेणे गुन्हा ठरले. आरंभी पिण्याचे प्रमाण घटलेही. पण मनातली ओढ कायम होती, म्हणून तिने दुसऱ्या वाटा शोधल्या. चोरटे गुत्ते निघाले, गुन्हेगारांच्या टोळ्या गबर झाल्या, विषारी दारूने माणसे मेली. डिसेंबर १९३३ मध्ये आणखी एक घटनादुरुस्ती करून ही बंदी उठवावी लागली.

त्याच देशाने दुसरा अनुभवही घेतला आहे. १९६५ च्या सुमारास तेथील दर १०० प्रौढांपैकी ४० हून अधिक लोक सिगारेट ओढत. १९६४ मध्ये शासनाच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांचा अहवाल निघाला. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे त्याने स्पष्टपणे सांगितले. त्यानंतर पाकिटांवर इशारे आले, दूरचित्रवाणीवरील जाहिराती बंद झाल्या, कर वाढले, कचेऱ्या आणि विमाने धूरमुक्त झाली. पण सिगारेटवर देशव्यापी बंदी कधीच आली नाही. बदलली ती लोकांची दृष्टी. जी गोष्ट एकेकाळी रुबाबाची होती, ती पाहुण्याच्या घरी करण्याची लाज वाटू लागली. २०२२ पर्यंत हे प्रमाण १०० मागे सुमारे १२ वर आले होते. ज्ञान, कायदा, समाजाची रीत आणि माणसाचा स्वतःचा निश्चय ही चारही बळे एका दिशेला वळली, तेव्हा एका राष्ट्राची सवय बदलली.

वाचकहो, आता मदीनेकडे वळू. हजरत आयेशा (रजि.) यांच्या एका कथनाचा आशय असा की, कुरआनात प्रथम जन्नत आणि जहन्नमचे वर्णन असलेल्या सूरह उतरल्या, लोकांची मने इस्लामवर स्थिर झाली, तेव्हा हलाल-हरामचे आदेश आले. पहिलाच आदेश 'दारू पिऊ नका' असा असता, तर लोक म्हणाले असते, आम्ही ती कधीच सोडणार नाही. मक्केत सुमारे १३ वर्षे दारूबंदीचा आदेश नव्हता. अंतःकरणे घडत होती. मदीनेत प्रथम सांगितले गेले की, दारूत काही लाभ असला तरी तिचे पाप मोठे आहे (सूरह अल-बकरा, २१९). मग नशेच्या स्थितीत नमाजच्या जवळ जाण्यास मनाई झाली (सूरह अन-निसा, ४३). दिवसात पाच नमाज असताना पिण्यासाठी वेळ तरी किती उरणार? सवयीचा दोर असा हळूहळू सैल झाला आणि मग अंतिम आदेश आला (सूरह अल-माइदा, ९०-९१). त्या वेळी हजरत अनस (रजि.) हे हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी लोकांना दारू वाढत होते. बाहेर पुकारा ऐकू येताच ती ओतून देण्यास सांगण्यात आले आणि मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली. दारात शिपाई उभा नव्हता. हात थांबला, कारण तो थांबवणारा आतच तयार झाला होता.

मग कायदा व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या स्मृतीस्तव १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग आणि गावोगावच्या लोकांनी चळवळ केली, तेव्हा १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपूरच्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे लढून २०१५ मध्ये ती मिळवली. २०२१ मध्ये शासनाने ती उठवली. ज्या बाईच्या घरची मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर संपते, तिला 'ज्याचे त्याने पाहावे' हा उपदेश करणे म्हणजे तिला एकटे टाकणे होय. कायदा हे दुर्बलाचे कुंपण आहे. पण कुंपण म्हणजे पीक नव्हे. कुंपणाच्या आत कोणी पेरलेच नाही, तर तण माजणारच.

आता आपल्या कन्हानकडे पाहा. आपल्या परिसरातील कितीतरी कुटुंबांची चूल कोळसा खाणींवर पेटली. भूमिगत खाणीत बिडी-काडी नेण्यास सक्त मनाई असते, आणि ती योग्यच आहे. एका ठिणगीने अनेकांचे प्राण जातील. परंतु या मनाईने तंबाखू सुटली नाही. ती बोटांतून निघून गालात जाऊन बसली. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी आपल्या चौकातील ठेल्यावर खर्रा घोटला जातोच. सुपारी, तंबाखू आणि चुना यांची ती पन्नी आपल्या खिशात असते आणि त्याच खिशात तसबीहही असते. मदीनेतल्या त्या प्रसंगाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, आणि नमाज संपताच मशिदीच्या पायऱ्या उतरता उतरता पन्नी सोडतो.

तंबाखूच्या हुकुमाबाबत उलेमांत मतभेद आहेत. कोणी तिला मकरूह म्हटले, कोणी हराम. तिला दारूच्या पंक्तीला बसवण्याचा माझा हेतू नाही. पण स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटू नका, हा अल्लाहचा आदेश (सूरह अल-बकरा, १९५) निःसंदिग्ध आहे. खर्ऱ्याने तोंड उघडेनासे होते, जबड्याचा कर्करोग होतो, हे आता आपल्या वस्तीत कोणाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपले शरीर ही अल्लाहची अमानत आहे. अमानतीत खयानत करणाऱ्याला 'मतभेद आहेत' हे उत्तर कितपत तारील?

कोणी म्हणेल, मौलाना, सुटतच नाही हो. त्यांच्या यातना खोट्या नाहीत. व्यसन हा आजारही आहे आणि त्यासाठी डॉक्टरांची मदत घेण्यात कमीपणा नाही. तरी एका गोष्टीचा विचार करा. रमजानमध्ये हाच माणूस सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास पन्नीला स्पर्श करीत नाही. ठेला उघडा असतो, पैसे खिशात असतात, पाहणारा कोणी नसतो. मग त्याचा हात कोण थांबवतो? अल्लाह पाहत आहे, ही जाणीव थांबवते. आणि सारा मोहल्ला रोज्याने आहे, ही सोबत थांबवते. व्यक्तीचे मूल्य आणि समाजाची रीत या महिन्यात एक होतात. इफ्तारनंतर मात्र तोच माणूस मगरिबची नमाज उरकून ठेल्याकडे धावतो. सामर्थ्य आहे, हे रमजानने सिद्ध केले. उणीव आहे ती त्या सामर्थ्याला शव्वालमध्ये नेण्याची.

या उणिवेत मिंबरावर उभा राहणाराही दोषी आहे. 'हे सोडा, ते सोडा' असे आम्ही वारंवार सांगितले. ज्या अंतःकरणाने सोडायचे, ते घडवण्यासाठी तितके कष्ट घेतले नाहीत. हा दोष मी प्रथम माझ्याकडे घेतो.

आपल्याकडून मी थोडेच मागतो. आपल्या मुलाला खर्रा आणण्यासाठी ठेल्यावर पाठवू नका. त्याच्या हातावर पैसे ठेवताना आपण त्याला काय शिकवत आहोत, याचा विचार करा. निकाहच्या दावतीत पाहुणचार म्हणून पन्नी पुढे करू नका. सोडू पाहणाऱ्याची थट्टा करू नका; इशा नमाजनंतर त्याच्यासोबत घरापर्यंत चालत जा, म्हणजे ठेला मागे पडेल. कोणत्याही समाजाची स्थिती अल्लाह तोवर बदलत नाही, जोवर ते लोक स्वतःच्या आत असलेले बदलत नाहीत (सूरह अर-रअद, ११). ही आयत राष्ट्रांना जितकी लागू आहे, तितकीच आपल्या चार भिंतींच्या घरालाही.

अल्लाह तआला आपली अंतःकरणे जागी ठेवो, आपल्या हातांना आवरण्याचे बळ देवो आणि आपल्या मुलांना आपल्याहून चांगले बनवो. आमीन.