घोडा, जीप आणि गप्प बसणे

आम्ही बी.कॉम.ला होतो तेव्हा कायद्याच्या पेपरात एक घोडा असे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम सतरा. कलम फसवणुकीचं. त्यातला 'अ' हा 'ब'ला लिलावात एक घोडा विकतो. घोडा धड नाही हे 'अ'ला पक्कं ठाऊक असतं, पण तो तोंडातून अवाक्षर काढत नाही. ही फसवणूक झाली का? कायदा म्हणतो, नाही झाली. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. पुढच्याच उदाहरणात 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी निघते आणि कायदा एकदम कान टवकारतो. मुलीला मात्र सांगायला हवं!

पाच मार्कांसाठी मी हा घोडा पाठ केला आणि पेपर संपल्यावर सोडून दिला. पुढे बँकेत लागलो. काउंटरवर नाना प्रकारची जनावरं पाहिली, पण घोडा कधी आला नाही. तो आला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जीपचं रूप घेऊन.

जीप आमच्या मेहुण्याची. जुनी, फोर-व्हील-ड्राइव्ह. तिच्यातून प्रवास केलेल्या माणसाला आपल्या शरीरात एकूण हाडं किती, हे विचारावं लागत नाही. ती विकायचं ठरलं होतं आणि भोरकडचा एक दूधवाला गिऱ्हाईक मिळाला होता. डोंगरातल्या वाडीवरून दुधाचे कॅन खाली आणायचे, पावसात रस्त्याचा चिखल होतो, म्हणून त्याला चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. फोनवर तो मेहुण्याला म्हणाला, "मला गाडीतलं काही कळत नाही बघा. काही असलं तर तुम्ही सांगालच."

विकण्यापूर्वी ऑइल बदलून देऊ, असा विचार मेहुण्याने केला. गॅरेजवर त्याचा विश्वास नाही. त्याचं म्हणणं, इंजिनाचं ऑइल निदान काडी बुडवून बघता येतं. गिअरबॉक्सच्या पोटात काय आहे ते देव आणि मेकॅनिक या दोघांनाच माहीत, आणि दोघंही सांगत नाहीत. म्हणून रविवारी सकाळी तो स्वतःच गाडीखाली गेला. मी मॅन्युअल आणि टॉर्च घेऊन बाहेर. बँकेत एकजण व्हाउचर करतो आणि दुसरा ते तपासून पास करतो, तशीच ही व्यवस्था.

साध्या गाडीला एक गिअरबॉक्स आणि एक डिफरन्शियल. हिला डबे चार: गिअरबॉक्स, त्याला चिकटलेली ट्रान्सफर केस, मागचं डिफरन्शियल आणि पुढचं डिफरन्शियल. गाडी आधी थोडी फिरवून आणायची, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग सपाट जागी उभी करायची आणि चाकांना विटा लावायच्या. जीप उंच, त्यामुळे जॅक न लावता खाली सरपटता येतं. ऑइलही सगळीकडे एक चालत नाही. डिफरन्शियलचं जे जीएल-५, त्यातल्या गंधकाच्या मसाल्याने गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खराब होऊ शकतात, म्हणून तिथे जीएल-४.

एक नियम मला फार आवडला. खालचा बूच काढून ऑइल सोडण्याआधी वरचा, भरायचा बूच निघतो का ते बघायचं. नाहीतर होतं ते ऑइल जमिनीवर, नवं आत जायला वाट नाही आणि गाडी जागच्या जागी समाधिस्थ. कर्ज मंजूर करताना आमच्या बँकेने हा नियम पाळला असता तर आमची बुडीत खाती निम्मी झाली असती. आणि भरायचं किती? त्याच भोकातून ओघळ येईपर्यंत. डबा स्वतःच सांगतो, पुरे. पंगतीत माणसाला अशी सोय हवी होती.

तीन डबे सुरळीत झाले. खालच्या बुचाला लोहचुंबक असतं, त्यावर काजळासारखा राखाडी लेप निघाला. तेवढी झीज चालते. दातांचे तुकडे निघाले तर रडायचं. चौथ्याचा, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलचा, वरचा बूच गंजून बसला होता. रॉकेल सोडलं, ठोकलं, पान्याला पाइप घालून ओढलं. बारा वाजले. वरून वरण-भाताचा वास येऊ लागला आणि गाडीखालून आवाज आला, "भावोजी, पुढचं राहू दे का? आपण फोर-व्हील टाकतो कधी? ते ऑइल नवंच असणार."

आता मला मेहुण्याचे फक्त पाय दिसत होते. पायांशी तात्त्विक वाद घालणं अवघड असतं. तरी म्हणालो, "अरे, दांडा टाकला नाहीस तरी पुढची चाकं फिरतातच ना? तुझ्या जीपला हब सुटे करायची सोय नाही. चाकांबरोबर आतले दातही फिरत असतात."

"पण चारातले तीन झाले की! पंचाहत्तर टक्के. डिस्टिंक्शन!"

इथे तो घोडा माझ्यापुढे उभा राहिला. ऑइल बदललंय असं सांगितलं तर पंचाहत्तर टक्के खरं. काहीच सांगितलं नाही तर, 'अ' आणि 'ब'च्या कायद्याने, शंभर टक्के निर्दोष! पण त्याच कलमाला तिसरं उदाहरण आहे. 'ब' म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धड आहे असं धरून चालेन. तिथे 'अ' गप्प बसला तर ते गप्प बसणं म्हणजे बोलणंच. आणि दूधवाला फोनवर जवळजवळ तेच म्हणाला होता.

मला खरी गंमत वेगळीच वाटते. त्या माणसाने ते एक वाक्य उच्चारलं नसतं तर? घोड्याचा पाय तोच, लंगडणं तेच, विकणारा तोच. फरक फक्त विकत घेणाऱ्याच्या तोंडातल्या चार शब्दांचा. ज्याला विचारायचं सुचतं त्याच्यापुरतं खरं बोलायचं आणि ज्याला सुचत नाही त्याने चिखलात उतरून ढकलायचं, हा कुठला न्याय? कायद्याला मी दोष देत नाही. कायदा म्हणजे पास होण्यापुरते पस्तीस मार्क. त्याने सगळ्यांना पहिल्या वर्गात बसवायचं म्हटलं तर कोर्टं ओस पडतील. पण मुलीला सांगायचं आणि परक्याला नाही, हे काही केल्या माझ्या गळी उतरत नाही. भोरच्या वाडीवरून त्या जीपमध्ये कुणाची तरी मुलगी बसणारच आहे.

यातलं मी मोठ्याने एवढंच म्हणालो, "जेवून ये. मग बघू."

जेवणानंतर, अन्न अंगात गेल्यामुळे असेल, बूच सुटला. खालचा काढला आणि बाहेर आलं ते ऑइल नव्हतं, कॉफी होती. चांगली दूध घातलेली. ऑइलमध्ये पाणी गेलं की असं होतं. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीकडे मेहुण्याने एक ओढा थाटात पार केला होता. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी ओढून घेते. त्या दिवशी आम्ही त्याचे फोटो काढत होतो आणि अ‍ॅक्सल पाणी पीत होता. असंच राहिलं तर बेअरिंग गंजतात आणि दातांचं वंगण जातं. मेहुण्याने स्वस्तातलं ऑइल भरून जीप थोडी फिरवली, ते काढून टाकलं आणि मग चांगलं भरलं. जुनं सगळं रंगाच्या रिकाम्या डब्यात जमा करून कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या पिंपात दिलं. गटार चार पावलांवर होतं, पण वापरलेलं तेल सरकारी नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. आणि गटारही बिचारं विचारत नाही.

संध्याकाळी मेहुण्याने दूधवाल्याला फोन केला. मी सांगितलं म्हणून नव्हे. त्या कॉफीकडे पाहून त्याचं त्यालाच कसंतरी झालं होतं. पाणी गेलं होतं, साफ केलंय, दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा उघडून बघा, दुधासारखं दिसलं तर सील बदलावं लागेल, असं सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग दूधवाल्याने किंमत चार हजारांनी उतरवली.

"दुधात पाणी निघालं तर डेअरीवाले आमचाही दर कापतात," तो म्हणाला. यावर मेहुण्याजवळ उत्तर नव्हतं.

सौ.ला हे चार हजार फार लागले. "अहो, तुमच्या त्या कायद्यात भावाला पैसे परत मिळायचं कलम नाही का?" असं तिने दोनदा विचारलं.

पुढच्या रविवारी दूधवाला आला तो मेकॅनिकला बरोबर घेऊनच. त्याचा हिशेब सरळ होता. ज्याने न विचारता एक गोष्ट सांगितली, त्याने विचारल्याशिवाय न सांगण्यासारख्या आणखी दहा ठेवल्या असतील. मेकॅनिक गाडीखाली शिरला. त्याने चारही डब्यांचे वरचे बूच एकेक करून उघडले. चारीतून सोनेरी ऑइलचा ओघळ आला. त्याला तासभर लागला, आणि टॉर्च पुन्हा मीच धरला होता.